बटाट्याची भुकटी

बर्फातल्या त्या पोस्टवर माझी बदली झाली तेव्हा मी हवालदार होतो. बटाट्याची भुकटी तिथंच पहिल्यांदा खाल्ली. आजही तिचं नाव काढलं की मला किळस येते.

बेसवर कॅप्टन साहेबांनी तिचे गुण सांगितले होते. वजनाला हलकी, सडत नाही, ताकद देते, वर क जीवनसत्त्वही घातलेलं. सोलायचं नाही, चिरायचं नाही; उकळतं पाणी ओता, ढवळा, खा. सगळं खरं होतं. फक्त त्या उंचीवर पाणी पुरतं तापायच्या आधीच उकळतं, आणि वितळवलेल्या बर्फाला स्टोव्हच्या रॉकेलचा वास लागतो. मेस टिनमध्ये जे तयार व्हायचं ते पोस्टर चिकटवायच्या खळीसारखं दिसायचं. गुठळी दाताखाली फुटली की आतली कोरडी भुकटी टाळूला चिकटायची.

लान्स नायक प्रकाश टेंभुर्णीचा, मी तीर्थपुरीचा. दोघंही जालना जिल्ह्याचे म्हणून आमचं जमलं. तो नाक दाबून खायचा. पण फोनवर आईला दर वेळी सांगायचा, "माय, इथं बटाटा लई भारी भेटतो. लोण्यावानी. तू बिलकुल काळजी करू नको."

फोन ठेवला की मला म्हणायचा, "दादा, आमच्या म्हशीनंबी हे खाल्लं नसतं."

त्या हिवाळ्यात हवामान बिघडलं. हेलिकॉप्टर येईना. सकाळ-संध्याकाळ भुकटीच. जवान ओकायला लागले. मग एका सकाळी आभाळ उघडलं आणि रेडिओ बोलला, "ताजा राशन ड्रॉप झोन में. आलू भी है. ओव्हर."

खाली जायला तिघं निघाले. प्रकाशनं सगळ्यात आधी कमरेला दोर बांधला.

"दादा, आज खरा बटाटा."

"सांभाळून जा."

परत येताना बर्फाचा कडा सुटला. दोघं वाचले. प्रकाशला आम्ही खणून काढलं तेव्हा तो गेला होता. पाठीवरचं पोतं तसंच होतं, आतले बटाटे गोठून दगड झालेले. ते कुणीच खाल्ले नाहीत.

त्याच्या पुण्यस्मरणाला मी दरवर्षी टेंभुर्णीला जातो. यंदा बुद्धवंदना झाली, पंगत बसली आणि माय स्वतः वाढायला आली. ताटात पांढरट, गुळगुळीत गोळा पडला. वासानंच ओळखला.

"आता जालन्यात पाकिटं भेटून राह्यली," माय म्हणाली. "जावई घेऊन आल्ते. पोराला लई आवडायचं न्हाई का! मंग म्हटलं, आज हेच करू. सांग, तिकडच्यावानी झालं का?"

समोर हार घातलेला प्रकाशचा फोटो होता. मनात त्याला एक कचकचीत शिवी दिली आणि घास गिळला.

"बराबर झालंय, माय," मी म्हणालो. "अजून वाढ."