जमीलाखालाची खुर्ची

त्याने आमच्या स्टोव्हवरच्या पातेल्याचं झाकण उचललं. हाताने नाही. खिशातलं पेन काढलं, त्याचं टोक झाकणाखाली घातलं आणि झाकण वर करून आत डोकावला. आमच्या भांड्याला हात लावायचा नव्हता ना. मग पेन रुमालाने पुसलं आणि परत खिशाला अडकवलं.

"शिरा!" तो म्हणाला. "वा! आम्ही घरी पिठलं-भाकरी खायची आणि तुम्ही शिरा. आणि वर सरकारची स्कॉलरशिप."

आई हसली. तिला वाटलं, साहेब कौतुक करतोय.

"बसा ना सायेब," ती म्हणाली. "गरम हाय. देते बशीत."

तो बसला नाही. खुर्चीकडे बघितलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, टेबलावरच्या रेडिओकडे बघितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "यापेक्षा गरीब लोक मी पुष्कळ पाहिलेत."

हा माणूस आमच्या कॉलेजच्या संस्थेचा उपाध्यक्ष. शेतजमीन होती, लूमचा कारखाना होता, पोट होतं. सगळे त्याला अप्पासाहेब म्हणायचे. मीही म्हणायचे. आता म्हणत नाही. तो घरी यायचं कारण एवढंच की मी शिष्यवृत्तीचा अर्ज केला होता आणि मी खरंच गरीब आहे का, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. कामतघरच्या चाळीतून कॉलेजात गेलेली आमच्या समाजातली पहिली मुलगी. बाबा लूमवर, आई कारखान्यात कांड्या भरायची, म्हणजे मोठ्या बॉबिनीवरचं सूत धोट्यातल्या छोट्या कांडीवर गुंडाळायचं. सरकारचा नियम साधा होता. जातीचा दाखला जोडा, बापाच्या मिळकतीचा मामलेदाराचा दाखला जोडा, परीक्षा पास व्हा. मी तिन्ही केलं होतं. बाबांनी दाखल्यासाठी कचेरीत इतक्या खेपा घातल्या की शिपाई त्यांना नावाने ओळखायला लागला. तरी कॉलेजवाल्यांनी मधेच आपली एक टूम काढली. म्हणे खोटे गरीब फार झालेत. म्हणून कमिटी. म्हणून घरी येऊन तपासणी. सरकारने मागितली नव्हती. यांनाच हौस.

आणि ही हौस फुकटची नव्हती. कमिटीने शिफारस केली नाही तर अर्ज पुढे जाणार नाही. अर्ज गेला नाही तर फी माझ्या अंगावर. फी भरली नाही तर परीक्षेला बसता येणार नाही. बाबांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "फी सुटली तर शिक. न्हाय तर आईच्या बाजूला बस." म्हणजे कांड्या. बाबा वाईट नव्हते. खिशात असतं तर त्यांनी नाही म्हटलं नसतं.

आता खुर्चीचं सांगते.

आमच्या चाळीत एक रीत होती. कुणाकडे बाहेरचा माणूस येणार असला की सगळी चाळ त्या घरात सामान आणून टाकायची. कुणाची मुलगी बघायला पाहुणे येणार, कुणाकडे गावाहून साडू येणार, की निघाली वरात. घडीची लोखंडी खुर्ची जमीलाखालाची. ती आमच्या शेजारची, नवरा उत्तर प्रदेशातून लूमवर आलेला. निळ्या फुलांच्या कपबशाही तिच्याच. घड्याळ कोपऱ्यातल्या खोलीतलं. रेडिओ एका मुकादमाचा, तो वाजायचा नाही, पण दिसायचा छान. भरतकाम केलेला टेबलक्लॉथ कुणाचा होता हे तर चाळीत कुणालाच आठवत नव्हतं. आमच्या चाळीतल्या सगळ्या मुलींची लग्नं त्याच घड्याळाखाली ठरली. सासरकडच्यांना पुढे कधीतरी कळायचं, पण तोवर अक्षता पडलेल्या असायच्या.

साहेब तपासणीला येतोय हे मी आईला सांगितलं, तर तिने तपासणी हा शब्द ऐकलाच नाही. तिने ऐकलं, साहेब येतोय. आपल्या दारात. आमच्या बाजूला कधी ज्या लोकांनी पाऊल टाकलं नव्हतं त्यांच्यातला मोठा माणूस. लूमची सुट्टी शुक्रवारी असते, साहेबाची रविवारी, म्हणून तिने रविवारी कामावर खाडा केला. भिंतीला पोतेरं मारलं. जमीलाखाला स्वतः खुर्ची घेऊन आली. "ले बेटी," ती मला म्हणाली, "साब को इसी पे बिठाना. एक टाँग हिलती है, दीवार से लगा के रखना." आईने डालड्यात रवा भाजला तेव्हा अख्ख्या चाळीला वास गेला. बुद्धाच्या तसबिरीला ताजा हार घातला.

मी कॉलेजात शिकत होते. मला कळायला हवं होतं. पण मलाही त्या दिवशी घर बघून बरंच वाटलं. वाटलं, बघू दे साहेबाला, आम्ही कसे राहतो ते.

त्याने बघितलं. चहाला हात लावला नाही, "नुकताच घेऊन आलो" म्हणाला. निळ्या फुलांच्या कपातल्या चहावर साय धरली. जाताना दारात आईने हात जोडले. त्याने उत्तर दिलं नाही. आई मात्र दिवसभर खूश होती. शेजारणींना सांगत होती, "लय सादा मानूस हाय. भांडी सुदा बघितली."

त्या आठवड्यात कॉलेजच्या फळ्यावर नावं लागली. माझं नव्हतं.

मी हेडक्लार्ककडे गेले. त्याने मला आत बोलावलं आणि खुर्चीवर मागे रेलून हसला. बाजूला दुसरे दोन कारकून होते, त्यांनाही हसायला बोलावलं.

"अगं, एवढी अक्कल नाही?" तो म्हणाला. "तपासणी होती. घड्याळ, रेडिओ, शिरा! तू काय स्थळ बघायला बोलावलं होतंस अप्पासाहेबांना?"

मी सांगितलं, सामान आमचं नव्हतं.

"ते मला कळलंच गं. तुमच्याकडे कुठून येणार? पण अप्पासाहेबांनी लिहिलं, सुस्थितीत. आता काय करायचं? सामान लपवायचं असतं, मांडायचं नसतं. त्यांच्या पुतण्याचं बघ. तुझ्याच वर्गात आहे. ई.बी.सी.ची, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांची फीची सवलत मिळाली की नाही? तपासणीच्या दिवशी मोटरसायकल मामाकडे, म्हशी शेजाऱ्याच्या गोठ्यात. आजी दारात फाटकी गोधडी शिवत बसलेली. स्वतः अप्पासाहेबांनी तपासलं. याला म्हणतात तयारी."

तो पुतण्या मला माहीत होता. मधल्या सुट्टीत कँटीनमध्ये सगळ्यांना मिसळ खाऊ घालायचा. सोन्याची अंगठी घालून.

"मी अप्पासाहेबांशी बोलतो," हेडक्लार्क म्हणाला. आवाज मायेचा काढला. "रविवारी परत येतील. तोवर घर जरा गरिबाच्या घरासारखं कर. आईला फाटकं नेसायला सांग. आणि तू अशी ताठ उभी राहू नकोस. गरजू दिसायला पाहिजे."

घरी येईपर्यंत माझं डोकं तापलेलं होतं, पण राग कुणाचा तेच समजेना. आईचाच आला. हो, खरंच. कशाला केलास शिरा? कशाला मांडलंस सगळं? मी तिला तोंडावर बोलले.

मग हेडक्लार्क काय म्हणाला ते सांगितलं. फाटकं नेसायचं तेही सांगितलं. मला वाटलं होतं ती चिडेल. ती चिडली नाही. "आसं व्हय," म्हणाली. आणि कामाला लागली. खुर्ची परत गेली. घड्याळ गेलं, रेडिओ गेला. इथवर ठीक होतं. पण शनिवारी कॉलेजातून आले तर तिने आमची स्वतःची स्टीलची भांडीसुद्धा गोणीत भरली होती. माळ्यावर टाकणार होती. अंगावर एक जुनेरं होतं, स्टोव्ह पुसायला ठेवलेलं. खांद्यावर फाटलेलं. ती पत्र्याच्या आरशासमोर उभी होती. पदर जरा बाजूला केला, फाटका भाग नीट दिसेल असा.

"बघ गं," तिने विचारलं. "आसं चालंल का?"

मी आजवर पुष्कळ अपमान पाहिले. कॉलेजात आमची नावं वेगळी वाचायचे, तेव्हा मागच्या बाकांवरून "सरकारचे जावई" असं ऐकू यायचं. तेही पचवलं होतं. पण माझी आई आपली लाज नीट दिसते का हे मला विचारत होती, ते नाही पचलं. आयुष्यभर तिने आमची लाज झाकली. ठिगळ लावलं, पण फाटकं घालून कधी दारात उभी राहिली नाही. आणि त्या पोटवाल्या माणसासाठी, ज्याने तिच्या भांड्याला बोट लावलं नाही, ती फाटकी बाजू वर करत होती. माझ्या फीसाठी.

मला रडू आलं नाही. किळस आली. आईची नाही. त्यांची. असले हे दाते. सरकारचा पैसा, आमच्या नावाचा, यांच्या खिशातली एक दमडी नाही. आणि ताठा असा की जणू घरच्या तिजोरीतून काढून देतायत. त्यांना गरिबी हटवायची नव्हती. त्यांना ती बघायची होती, जवळून, पेनाने झाकण उचलून. आणि आम्ही ती त्यांच्या आवडीची करून दाखवायची.

"काढ ते," मी म्हटलं.

"आगं पण फी..."

"काढ. तुझं चांगलं लुगडं नेस."

भांडी मी गोणीतून काढून फळीवर लावली. आमचीच होती, घासून ठेवलेली, जेवढी होती तेवढीच. रविवारी सकाळी मी जमीलाखालाकडे गेले आणि खुर्ची परत मागितली.

"फिर साब आ रहा है?" तिने विचारलं.

"आ रहा है," मी म्हटलं. "लेकिन बैठेगी मेरी माँ."

तिने स्वतः खुर्ची उचलली, आमच्या दारात आणून ठेवली आणि हलणाऱ्या पायाखाली चपटा दगड सारला.

आई बसायला तयार नव्हती. "सायेब हुबा ऱ्हानार आन मी बसू?" मी म्हटलं, बस. ती बसली. आधी कडेवर. मग जरा मागे. खुर्चीने दार अडलं. मी तिच्या मागे उंबऱ्याच्या आत उभी राहिले.

तो आला. गटारावरच्या फळीवरून धोतर सावरत आला आणि दारासमोर थांबला. आई उठेल म्हणून वाट बघितली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला होता.

"हे काय?" तो मला म्हणाला. "तपासणी करायची आहे ना?"

"नाही," मी म्हटलं. "मामलेदाराचा दाखला दिलाय. सरकारला तेवढा पुरतो."

"कमिटीला पुरत नाही."

"पुतण्याच्या घरी कमिटीने भांड्याचं झाकण उचललं होतं का?"

त्याचा चेहरा लाल झाला. चाळीतल्या बायका दारादारात आल्या होत्या. तो आवाज चढवून म्हणाला, "तुम्हा लोकांना डोक्यावर घेतलं की हे असं होतं. नाव कापलं जाईल तुझं. परीक्षेलाही बसू देणार नाही."

मी तोंड उघडायच्या आत आई बोलली. बसूनच.

"सायेब, पोर शिकंल का न्हाय ते आमी बघू. पन माज्या घरात झाकन उचलायचं त माज्या हातानं. तुमी जावा आता."

तो गेला. त्या फळीवरून पुन्हा धोतर सावरत. कुणी हसलं नाही. मला तर त्याची कीवही आली नाही. पायात चप्पल, खिशाला पेन, आणि बायकांच्या नजरा पाठीवर घेऊन तो वळणापर्यंत भरभर चालत गेला.

शिष्यवृत्ती त्या वर्षी मिळाली नाही. हे सांगायलाच हवं. नाही तर ऐकणाऱ्याला वाटतं, धीट बोललं की न्याय होतो. तसं काही होत नाही. बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मुकादमाला सांगून आईच्या बाजूची जागा मला दिली. सकाळी कांड्या भरायच्या, त्या मजुरीतून फी भरायची, दुपारी कॉलेज. बोटं सुताने कापायची, त्या बोटांनी मी परीक्षेचे पेपर लिहिले. त्या पुतण्याचा नंबर माझ्या पुढच्याच बाकावर होता. अंगठी तशीच होती.

पण त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी मी ठाण्याला समाजकल्याणच्या ऑफिसात गेले आणि कॉलेजवाल्यांविरुद्ध तक्रार लिहून दिली. घरी येऊन बघितलेलं, उचललेलं, बोललेलं, सगळं. कॉलेजातल्या आमच्या इतर मुलांनाही सांगितलं, कुणी तपासायला आलं तर आत घेऊ नका. काहींनी ऐकलं, काहींनी घाबरून फाटकं नेसलं. त्यांना मी नावं ठेवत नाही. ज्यांनी नेसायला लावलं त्यांना मरेपर्यंत ठेवणार आहे.

खुर्ची मी त्या रविवारी संध्याकाळीच परत केली. तिचे पाय धुऊन, पुसून. मी शिकणार होते. हक्काचं ते मागणार होते, एका ऑफिसातून हाकललं तर दुसऱ्यात जाऊन, ओरडून मागणार होते. पण आम्ही पुरेसे गरीब दिसतो का हे बघायला यापुढे कुणालाही माझ्या आईचा उंबरा ओलांडू देणार नव्हते.