काउन्सलरच्या घरची ॲडमिशन

बोलण्यात आमच्या शुभदाचा हात धरणारं कोणी अख्ख्या 'जुनी इंदूर' मोहल्ल्यात नाही. इंदूरजवळच्या राऊ गावात एका प्रायव्हेट कॉलेजात आम्ही दोघी ॲडमिशन काउन्सलर, टेबलाला टेबल लागून. एका बापाला फी सांगेपर्यंत माझा घसा कोरडा पडतो, आणि ही बया तेवढ्यात तिघांना चहा पाजून, हसवून, फॉर्म भरून घेऊन मोकळी! तिचे पूर्वज म्हणे होळकरांच्या फौजेत होते. असतील बाई. लढाईआधी समोरच्याला बोलूनच गार करत असतील.

तर यंदा या शुभदाच्या घरीच जुंपली. लेक आर्या बारावी झाली. भंवरकुआंच्या सरकारी युनिव्हर्सिटीत तिला मेरिटवर सीट लागली, कॉम्प्युटरची. पण पोरीला हवं आमचंच कॉलेज! काचेची बिल्डिंग, एसी क्लास, कॅन्टीनमध्ये पिझ्झा. फी ऐकल्यापासून तिचे बाबा भूषणजी पीथमपूरच्या कारखान्यातून आले की नुसते पंख्याकडे बघत बसायचे. घर गहाण टाकल्याशिवाय ती भरणं शक्यच नव्हतं. शुभदा म्हणाली, "नाही म्हणजे नाही. सरकारी सीट सोडायची नाही."

आर्या शेवटी तिचीच लेक. म्हणाली, "तू रोज दुनियेला सांगते ना, यही बेस्ट है? मग मलाच का नाही? झूठ बोलते का तू?"

मला हे सांगताना शुभदा रडायलाच लागली. मला तर त्या कार्टीचा असा राग आला, म्हटलं दोन धपाटे घाल. पण शुभदाने भलतंच केलं. पोरीला म्हणाली, "एक दिवस माझ्या टेबलाशी येऊन बस. बोलू नको, फक्त ऐक. मग तू म्हणशील तिथे सही करते."

मी कपाळाला हात लावला. आमच्या कॉलेजचा थाट पाहून ही पोरगी परत जाते होय!

सोमवारी आर्या मस्त तयार होऊन आली, स्टूल ओढून बसली. आधी उज्जैनचा ऋषभ आला, त्याला कॉमर्स हवं होतं. शुभदा म्हणाली, "बेटा, तुझे देखते ही लगा, तू मैनेजमेंट के लिए ही बना है." ऋषभ खूश, बाप त्याहून खूश. आर्याही हसली. मग पलक आली, चित्रकलावाली. "बेटा, तुझे देखते ही लगा..." देवासचं एक पोरगं तर काहीच ठरवून आलं नव्हतं. त्यालाही देखते ही लगा. तीच ओळ, तेच हसू. मला सवय झालीय, माझं लक्षही जात नाही. आर्याचा चेहरा मात्र दुपारपर्यंत पार उतरला.

जेवायला बसलो तर पोरगी दोन घासांपुढे खाईना.

"आई, तू सगळ्यांना सेमच सांगते."

"हो. त्याचाच पगार मिळतो मला."

"मग खरं कोणाला सांगते?"

शुभदाचे डोळे भरून आले बिचारीचे.

"तुला," ती म्हणाली. "सरकारी सीट सोडू नको, हे फक्त तुला सांगितलं. आणि तेच तुला पटलं नाही."

आर्या उठून आईच्या गळ्यात पडली, तशीच उष्ट्या हातांनी. त्याच दुपारी भंवरकुआंला जाऊन कागद जमा करून आली. ती निघाली तेव्हा बाहेर पालक ताटकळले होते, आणि आत आम्ही दोघी काउन्सलर खुशाल रडत बसलो होतो.