जेवलेलं मशीन

चेन्नईत आमच्या इमारतीखाली इस्त्रीची गाडी लावणाऱ्या अम्मांना वाचता येत नाही. पण वॉर्ड ऑफिसच्या नव्या एआयकडे फोनवर नुसतं बोलून तक्रार करता येते. कपड्यांवर शिंपडायला नळाला पाणी नसलं की अम्मा फोन लावतात आणि इथल्या रीतीप्रमाणे आधी विचारतात, ‘‘जेवलात का?’’ समोर यंत्र आहे हे त्यांना ठाऊक आहे की नाही, मला काही केल्या कळेना.

काल फोनच्या स्पीकरवर आवाज म्हणाला, ‘‘हो, जेवले. उद्या पाणी येईल.’’

अम्मांनी फोन ठेवला. मला त्या तंबी, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणतात. ‘‘तंबी, मशीन कुठे जेवतं का? मग पाणी येईल म्हणतंय, ते तरी खरं कसं धरू?’’

मी वरून बादलीभर पाणी आणून दिलं. अम्मांनी आधी बोट बुडवून पाहिलं, मग विचारलं, ‘‘जेवलास?’’

‘‘जेवलो की,’’ मी म्हणालो. सकाळपासून पोटात काही नव्हतं.