नाझिमची जागा

आखातात, अल खौदला राहणाऱ्या लेकीच्या घरातून निघताना पिशवीत पराठे होते आणि डोक्यात जुबेदाभाभीचं काम. भाभी आमच्या दाभोळची शेजारीण. तिचा मुलगा नाझिम इकडे दुक्म बंदरात कामाला होता; गेल्या उन्हाळ्यात तिथेच गेला, कायमचा. हृदय बंद पडलं, असं कंपनीने कळवलं होतं. "माझ्या पोराला काय झाला, ता ईचारून ये," एवढंच भाभी म्हणाली होती.

दुक्मपर्यंत रस्ताभर सपाट वाळवंट. उंटसुद्धा कंटाळलेले दिसत होते. गाडी आमचे जावईबापू चालवत होते; वस्ती मागे पडत गेली, तशी मला उगाच धास्ती वाटली.

कामगारांच्या वसाहतीत पोचलो आणि यंत्रांची धडधड एकदम थांबली. उन्हाळ्यात इथे भर दुपारी उघड्यावरचं काम बंद असतं. आमच्याकडे या वेळेला पोरांना चिंचेखाली जाऊ देत नाहीत. मी असलं काही मानत नाही, पण पदर मात्र घट्ट धरला.

नाझिमच्या खोलीतला सोबती, त्याला संदीप म्हणूया, आम्हाला शेडमागे घेऊन गेला. सावलीत माणसं गोल उभी होती. एक मोकळी जागा दिसली, तिथे मी जाऊन उभी राहिले. टाळ्यांचा ठेका सुरू झाला. एकेक जण हिंदी-मराठीत रॅप करू लागला, पत्र्याच्या खोलीबद्दल, न मिळालेल्या रजेबद्दल.

"नाझिमनंच शिकवलं," संदीप कुजबुजला. "अमेरिकेतल्या गरीब काळ्या वस्त्यांमधल्या पोरांनी हे सुरू केलं, काकू. आपलं कोण छापत नाही ना, ते ठेक्यावर बोलायचं."

फिरत फिरत पाळी माझ्यापाशी आली. कुणीच बोलेना. टाळ्या चालूच. सगळे माझ्याकडे बघत होते. नाही, माझ्या खांद्याच्या जरा वर. नाझिम उंच होता. त्या उकाड्यात माझी मान गार पडली.

"ती त्याची जागा, काकू. त्याची पाळी आम्ही रोज रिकामी सोडतो."

"मग मी हलू?"

"नको. तिथं उभा राहील त्यानं बोलायचं."

मला आरतीसुद्धा सुरात जमत नाही. तरी ठेक्यावर विचारलं, "नाझिमला काय झालं?"

शेजारचा म्हणाला, "दुपारची सुट्टी होती."

पुढचा म्हणाला, "तरी टाकीत उतरवला."

"पाणी मागत होता."

"हार्ट चांगलं होतं त्याचं."

शेडच्या टोकाला फोरमन येऊन ओरडला, "यल्ला!" (चला!) कुणी हललं नाही. नाझिमनंतर ही दुपारची सुट्टी त्यांनी मिळून धरून ठेवली होती; ती संपेपर्यंत कुणी कामाला जात नसे.

निघताना संदीप म्हणाला, "आमची नावं नको, काकू, व्हिसा खलास होईल. पण त्याच्या आईला सांगा."

दाभोळला परतल्यावर मी भाभीच्या पायरीवर बसून सगळं सांगितलं. ती खूप रडली, मीही. मग म्हणाली, "तो ठेका कसा, ता दाखव." मी टाळ्या वाजवत त्या पोरांचे बोल एकेक करून म्हणून दाखवले. नाझिमची पाळी आली तशी बोलायची थांबले, नुसता ठेका धरला. भाभी माझ्या खांद्याच्या जरा वर बघू लागली. तिथली पोरं तशीच बघत होती, एवढं मात्र मी तिला सांगितलं नव्हतं.

मग ती उठून आत गेली आणि पाण्याचा पेला आणून माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेवला.