जास्तीचा 'नो'

रोह्याच्या कंपनीत आमच्या शिफ्टला दोनच फिटर होतो. एक मी, तिथल्याच वरसे गावचा. दुसरा पेणजवळच्या खाडीकाठचा. बाप मिठागरात राबलेला, हा आठवीतून सुटलेला. पण पंप अडला की साहेब हाक मारायचे ती त्यालाच. अकरा वर्षं मी ती हाक ऐकली.

मग नवीन मशीन बसवायला स्पेनहून इंजिनिअर आला. आमच्यातल्या एकाला तो तीन महिन्यांच्या ट्रेनिंगला नेणार होता. मी मोबाईलवर थोडं स्पॅनिश शिकलो होतो. हे कळल्यावर हा कॅन्टीनमध्ये माझ्याशेजारी येऊन बसला.

"'मना जमतंय' त्यांच्यात कसा बोलतात रं?"

त्यांचं हे क्रियापद आडमुठं. मूळ शब्द 'पोदेर', पण 'मी' आला की 'प्वेदो' होतो. नियम नाही, पाठच करायचं. एवढं मी त्याला अगदी मन लावून समजावलं. मग म्हणालो, "पण पुढं 'नो' लावायचा. नो प्वेदो."

"नो म्हंजे नाय ना?"

"ते इंग्लिशमधी. ही भाषा वेगळी हाय."

त्यानं तळहातावर लिहून घेतलं.

दोन दिवसांनी इंजिनिअरनं उघडलेल्या पंपाकडे बोट दाखवून त्याला विचारलं, "प्वेदेस?" तुला जमेल?

हा छाती काढून ओरडला, "नो प्वेदो!"

इंजिनिअरनं पुन्हा विचारलं. हा आणखी मोठ्यानं ओरडला. मी साहेबांच्या कानाशी लागलो, "जमत नाही म्हणतोय." साहेब हसले, मग सगळेच हसले. सगळे हसतायत म्हणून तोही हसला. ट्रेनिंगला नाव माझं लागलं.

"माजा काय चुकला?" त्यानं नंतर विचारलं.

"उच्चार."

मग आठवडाभर तो पान्हा फिरवताना उच्चार घोटत होता. मला मजा येत होती.

खरं काय ते त्याच्या दहावीतल्या मुलीनं मोबाईलवर शोधलं. सकाळी तो माझ्या लॉकरपाशी आला.

"तुला म्हायती व्हता?"

"व्हय."

आता हाणणार, असं वाटून मी दोन पावलं मागे सरकलो.

"पोरीला कवतिकानं शिकवला रं मी ता," एवढंच बोलून तो निघून गेला.

मी स्पेनहून परत आलो तोवर त्यानं शिफ्ट बदलून घेतली होती. आज मी सगळ्या शिफ्टचा फोरमन आहे. त्याचा वर्षाचा रिपोर्ट माझ्याकडेच येतो. 'बाहेर पाठवण्यालायक नाही,' असं त्यात दरवर्षी मी स्वतःच्या हातानं लिहितो.