म्हशीनं शिकवलेली जर्मन

माझी धाकटी बहीण नर्स. कोल्हापुरातल्या दवाखान्यात काम करता करता तिला जर्मनीतल्या एका इस्पितळात नोकरी मिळाली. अट एकच, तिथली भाषा यायला हवी. लिहिण्या-वाचण्यात ती पहिल्याच झटक्यात पास झाली आणि बोलण्यात नापास. त्या परीक्षेत घाबरलेल्या पेशंटला धीर द्यायचा होता. शब्द सगळे बरोबर होते, पण तिच्या जर्मनच्या क्लासच्या बाईंचं म्हणणं, ऐकणाऱ्याला वाटतं ही पेशंटला झापतेय.

माझं डोकंच फिरलं. आम्ही उचगावची माणसं मोठ्यानं बोलतो, त्यात झापणं कुठून आलं? आमच्यात प्रेमानं जेवायला बोलावलं तरी चार घरं पलीकडं ऐकू जातं. पण खरं सांगायचं तर तिचं जाणं मलाच पटलेलं नव्हतं. वडील गेल्यापासून घरात माझा शब्द चालायचा. नापास झाली ते बरंच झालं, असं मी आईजवळ बोलून गेलो. ते बहिणीनं ऐकलं. दुसरी परीक्षा दोन महिन्यांवर होती. तीही हुकली तर नोकरी दुसऱ्या कुणाला तरी जाणार होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती गोठ्यात आली आणि माझ्या हातातली धारेची चरवी काढून घेतली. आमची थोरली म्हैस भारी नखरेल. धार काढताना जरा आवाज चढला की पान्हा चोरते, मग कितीही आंबोण खायला घाला, थेंब सुटत नाही. माझ्या हातून आठवड्यातून दोनदा तरी तसं व्हायचंच. बहीण खाली बसली आणि जर्मनमध्ये सुरू झाली. कुठं दुखतंय, घाबरू नका, आत्ता होईल, असलंच काहीतरी असावं. पहिले दोन दिवस म्हशीनं लाथ तेवढी मारली नाही, दूध काही धड दिलं नाही. मी दारात उभा राहून हसत होतो. म्हटलं, आता म्हशीचाही पासपोर्ट काढावा लागतोय.

महिन्याभरात माझं हसू थांबलं. ड्यूटी करून कितीही दमलेली असली तरी पहाटे ती गोठ्यात हजर. आवाज खाली आला होता, पण मिळमिळीत नव्हता, आणि चरवी भरत होती. मधेच आई तापानं फणफणली. इंजेक्शन म्हटलं की आईचे हातपाय गळतात. बहीण तिच्याशी मराठीतच, पण त्याच आवाजात बोलत राहिली आणि सुई कधी टोचली ते आईला कळलंही नाही. मी बघतच राहिलो. माझ्यासारख्या तापट भावाच्या घरात राहून पोरीनं हे कमावलं होतं. मला तिचा फार अभिमान वाटला.

दुसऱ्या खेपेला ती पास झाली. निकाल आधी आईला दाखवला आणि मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली. वाटलं, आता माझं ते बोलणं काढणार. काढलं असतं तर बरं झालं असतं.

"दादा, तू न्हाय म्हणलास तर मी जाणार न्हाय," ती म्हणाली.

एवढं सगळं तिनं केलं, ते मी शेवटी नाही म्हणेन हे धरून. आणि आताही ती खरंच उत्तरासाठी थांबली होती. मला रडू आलं, सांगायला लाज कसली.

"जा की," मी म्हणालो. "मी कोण अडवणारा?"