भोक पाडण्याआधी

न्हावा शेव्याला आमच्या ऑफिसशेजारी भंगाराचं आवार आहे. दोष निघाला म्हणून एका मोटार कंपनीने गाड्या परत बोलावल्या; त्यांतून काढलेली इंजिनं तिथे येतात. ती कुणी पुन्हा विकू नयेत म्हणून प्रत्येकाला ड्रिलने आरपार भोक पाडायचं आणि मगच वितळवायला पाठवायचं. हे काम करणारा एक जाडजूड माणूस मला रोज खिडकीतून दिसायचा. भोक पाडण्याआधी तो हातमोजा काढून इंजिनाला हात लावायचा आणि तोच हात छातीला. मला आधी ते नाटकच वाटलं.

एकदा चहाच्या टपरीवर मी विचारलंच.

"दसऱ्याला ह्याला कुनी हार घातला असल, साहेब," तो म्हणाला. "तसंच कसं भोसकू?"

"माझी गाडीही त्याच कंपनीची. तिचंही इंजिन बदललं."

त्याने अर्धा चहा तसाच ठेवला आणि मला आवारात नेलं. समोर इंजिनांची रांग होती. यातलं माझं कुठलं, की इथे नाहीच, कसं कळणार? मी अवघडून उभा राहिलो.

"कुनालाबी लावा हात," तो म्हणाला. "पोचल."

मी लावला. उन्हाने लोखंड तापलं होतं, आत्ताच घाट चढून आल्यासारखं.